हा सूर्य, हा जयद्रथ आणि हा मी

अग्निकेतू गेला, त्याला आता तीन महिने होतील. लढताना गेला, असं मी सांगतो. मामाच्या तोंडामुळे गेला, असं बाकीचे सांगतात. बाकीच्यांचं बरोबर आहे.

अग्निकेतू हा माझा मांत्रिक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं असतं आणि डीएम नावाचा सूत्रधार जे संकट समोर उभं करेल त्याला तोंड द्यायचं असतं. आमची डीएम म्हणजे माझी भाची. ताईच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी ती आणि तिचे तीन मित्र बसतात. एकदा चौथा भिडू आयत्या वेळी गळाला आणि भाची म्हणाली, “मामा, तू नुसता बस. आकडे पडतील त्यांची बेरीज कर.”

बँकेत 29 वर्षं काढलेल्या माणसाला ‘नुसती बेरीज कर’ म्हणू नये. दुसऱ्या रविवारी मी नियमांचं पुस्तक वाचून गेलो. तिसऱ्या रविवारी पुस्तकात पिवळ्या चिठ्ठ्या लावून गेलो. चौथ्या रविवारी पोरांनी माझ्यासमोर नियमांचा उल्लेख करणं सोडून दिलं. हा त्यांनी माझ्या अधिकाराला दिलेला मान आहे, असं मी धरून चाललो.

या खेळातली लढाई मोठी मजेची असते. वीस बाजूंचा फासा टाकून पाळी ठरते आणि मग एकेकाने आपल्या टर्नला काय ते करायचं. पण सगळ्यांचे टर्न मिळून जो राउंड होतो, तो धरायचा फक्त सहा सेकंदांचा. म्हणजे सगळं जवळजवळ एकदमच घडतंय असं मानायचं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ काढला. पुढे त्याची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती आली, तिच्यात राउंड अख्ख्या मिनिटाचा होता आणि त्याचे सहा-सहा सेकंदांचे दहा तुकडे पाडलेले होते. आता त्या एका तुकड्यालाच राउंड म्हणतात. वडापावचंही असंच झालं आहे. फरक इतकाच, की आमच्या टेबलावर या सहा सेकंदांना पाऊण तास लागतो. साबुदाण्याची खिचडी येते, संपते, चहा येतो, गार होतो. गुहेत अजून तिसरा सेकंद चालू असतो.

त्या रविवारी गुहेत एका ड्रुइडने, म्हणजे रानातल्या मांत्रिकाने, अग्निकेतूवर ‘मूनबीम’ टाकला. मूनबीम म्हणजे चांदण्याचा खांब. पाच फूट त्रिज्या, चाळीस फूट उंची. आमच्या 2014 च्या पुस्तकाप्रमाणे त्यात उभं असलेल्याला आपल्या टर्नच्या सुरुवातीला चांदणं भाजतं. त्याचे दहा बाजूंचे दोन फासे. आमच्या बार्डने, म्हणजे गायकाने, आदल्याच राउंडला अग्निकेतूवर ‘हिरोइझम’ म्हटलं होतं. त्यानेही टर्नच्या सुरुवातीलाच काही मिळतं: चार टेम्पररी हिट पॉइंट. मी त्यांना उसने प्राण म्हणतो. मार बसला की आधी ते खर्ची पडतात. अग्निकेतूचे स्वतःचे सात प्राण शिल्लक होते. उसने आधी मिळाले तर माझ्याकडे अकरा. चांदणं आधी लागलं तर सात.

आता दोन्ही मंत्र ‘टर्नच्या सुरुवातीला’च म्हणतात. मग आधी कोणता?

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी घसा खाकरला.

त्याचं असं आहे, की मी बीएस्सीला फिजिक्स घेतलं होतं. बँकेत त्याचा एकदाही उपयोग झाला नाही. इतकी वर्षं तुंबलेलं ज्ञान एकदम बाहेर आलं. “हे बघा,” मी म्हणालो, “चांदणं म्हणजे प्रकाश. सेकंदाला तीन लाख किलोमीटर. चाळीस फूट खाली यायला त्याला लागतात चाळीस नॅनोसेकंद. गाणं म्हणजे ध्वनी. सेकंदाला साधारण 340 मीटर. बार्ड उभा आहे वीस फुटांवर. म्हणजे 18 मिलिसेकंद. अर्थात चांदणं आधी!”

“मामा,” बार्ड म्हणाला, “मी गाणं मागच्या राउंडला म्हटलंय. ते पोचलंय.”

“प्रतिध्वनीचा विचार केलास?” मी विचारलं. त्याने केला नव्हता. मीही केला नव्हता, पण प्रश्न बिनतोड होता.

दुसरा पोरगा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळणारा. त्या खेळात 1999 पासून ‘स्टॅक’ नावाची व्यवस्था आहे. मंगल कार्यालयात ताटांची चळत असते तशी: जे शेवटी ठेवलं ते आधी उचलायचं. तो म्हणाला, “आमच्याकडे ज्याची पाळी त्याचं ताट खाली, समोरच्याचं वर. म्हणून मूनबीम आधी.” आपल्या बाजूने कोणी बोललं की मला फार बरं वाटतं. तो माझ्या मरणाच्या बाजूने बोलत होता, हे त्या आनंदात लक्षात आलं नाही.

पंचवीस मिनिटांनी भाचीने ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ हे 2017 चं पुस्तक उघडलं. हे पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. त्यातल्या नियमाचा अर्थ असा: एखाद्या पात्राच्या टर्नला दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, तर ते पात्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्यांचा क्रम ठरवायचा. बस. प्रकाश नाही, ध्वनी नाही, ताटांची चळत नाही.

“मामा, टर्न तुझा, अग्निकेतू तुझा,” भाची म्हणाली. “काय आधी?”

चार जोडी डोळे माझ्याकडे लागले. ‘हिरोइझम’ एवढा एक शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. पण पंचवीस मिनिटं ज्याने प्रकाशाची वकिली केली, त्याने सव्विसाव्या मिनिटाला ध्वनीकडून निवडणूक लढवायची? तशी माणसं असतात. त्यांची नावं पेपरात येतात. मी त्यातला नव्हे.

“आधी चांदणं,” मी म्हणालो.

बचावाचा फासा फसला. चांदण्याचे पडले चार आणि पाच. सातातून नऊ गेले. अग्निकेतू आडवा झाला आणि मग क्रमाप्रमाणे हिरोइझम आलं. त्या बेशुद्ध देहाला चार उसने प्राण मिळाले. उसन्या प्राणांनी माणूस शुद्धीवर येत नाही, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. मरणोत्तर पुरस्कारासारखे ते त्याच्या छातीवर पडून राहिले. उरलेलं काम पुढच्या राउंडांत चांदण्यानेच केलं. सोबत्यांनी त्याला पाय धरून बाहेर का ओढलं नाही, हे मी विचारलं नाही. काही उत्तरं माणसाला आतूनच ठाऊक असतात.

रिक्षात बसल्यावर मी स्वतःची समजूत घातली, की आपण एका थोर परंपरेत गेलो. ‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्या मंडळींतला मी नाही. तरीपण आमच्याकडे हे सगळं आधीच होतं. पुराणातला कोणताही वर काढा. ते सरळ सरळ या खेळातलं नियमाचं कलम असतं. हिरण्यकशिपूने दिवसा नको, रात्री नको, आत नको, बाहेर नको असं सगळं लिहून घेतलं आणि संध्याकाळ व उंबरठा विसरला. बँकेत असा तारणखताचा मसुदा कोणी आणला असता तर मी दुपारच्या जेवणाआधी परत पाठवला असता.

पण सगळ्यांत वरचा नंबर जयद्रथाचा. त्याची स्वतःची शक्ती पाहा: पांडवांना रणात अडवता येईल, पण एकच दिवस, आणि अर्जुन वगळून. वापर एकदाच, अपवाद एक. त्याने ती तेराव्या दिवशी वापरली, आत अभिमन्यू एकटा पडला आणि मारला गेला. मग अर्जुनाची प्रतिज्ञा: उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथ मारीन, नाहीतर अग्निकाष्ठं भक्षण करीन. आता सूर्यास्त म्हणजे काय? सूर्य बुडणं, की दिसेनासा होणं? आपल्याकडे गोष्ट सांगतात त्याप्रमाणे कृष्णाने सूर्य झाकला, जयद्रथाने अट पुरी झाली असं समजून मान वर काढली. डीएम कोण आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. डीएम रथावर बसला होता, आणि तोही समोरच्याच्या. हा सूर्य आणि हा जयद्रथ!

बरं, गोष्ट इथे संपत नाही. जयद्रथाच्या बापाने, वृद्धक्षत्राने, आणखी एक कलम घालून ठेवलं होतं: जो माझ्या मुलाचं डोकं जमिनीवर पाडेल, त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. ‘तोडेल’ नाही, ‘पाडेल’. मसुदा ढिला! अर्जुनाच्या बाणांनी ते डोकं उडवत नेलं आणि संध्या करत बसलेल्या बापाच्याच मांडीवर ठेवलं. बाप उठला. मुलाचं डोकं पडलं, बापाचं फुटलं. दोन्ही एकाच क्षणी, आणि टर्न कोणाचा, तर उठणाऱ्याचा.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती वाईला, घाटावरच्या देवळात, आईच्या मांडीला मांडी लावून. कीर्तनकार बुवा सूर्य झाकायचे ते आरतीचं ताट सगळ्या मंडपात फिरून येईपर्यंत उघडत नसत. जयद्रथ अर्धा अर्धा तास मान वर काढून तिष्ठत असे. त्या अर्ध्या तासात सात वर्षांच्या मी मोठ्याने विचारलं, “म्हणजे सूर्य मावळलाच नव्हता? मग ही फसवणूक झाली ना?” आईने चिमटा काढला. “बुवा बोलतायत ना? मग त्यांचं आधी.”

चिमटा लक्षात राहिला, शिकवण नाही. ‘काउंटरस्पेल’ नावाचा एक मंत्र आहे. साठ फुटांच्या आत कोणी मंत्र म्हणताना दिसला की तो मधेच तोडायचा. माझा हा सगळ्यांत आवडता मंत्र, असं मी घरी कौतुकाने सांगत होतो, तर वाक्य पुरं व्हायच्या आत बायको म्हणाली, “त्यात शिकण्यासारखं काय आहे तुम्हाला?” पुस्तकात तो एका राउंडला एकदाच चालतो, अशी मर्यादा आहे, हे मी तिला सांगणार होतो. आमचा सगळा फ्लॅट साठ फुटांच्या आत येतो, हे लक्षात आलं आणि गप्प बसलो.

पण झॅनाथरचं ते कलम मला रात्री झोपताना आठवू लागलं. ‘दोन्ही एकदम आलं हो’ ही माझी जन्मभराची सबब आहे. लग्नं एकदम आली, कामं एकदम आली, म्हणून एक राहून गेलं. त्यात माझा काय दोष? चार वर्षांपूर्वी, मार्चअखेर, ऑडिट चालू असताना टेबलावरचा फोन आणि खिशातला मोबाइल एकाच वेळी वाजले होते. टेबलावर वरचं ऑफिस. खिशात आई. मी टेबलावरचा उचलला. बाराशे रुपयांचा फरक सापडत नव्हता, त्यावर चाळीस मिनिटं बोललो. संध्याकाळी आईला फोन केला तर ती म्हणाली, “मी केला होता फोन? कशाला बरं केला असेल?” आणि आम्ही दोघं हसलो. तेव्हा ते हसण्यासारखं होतं. वर्षभरात ती असं पुष्कळ विसरू लागली. ताईने तिला आपल्याकडे आणलं. तो फोन कशासाठी होता हे आता कोणालाच ठाऊक नाही. बाराशे रुपये दुसऱ्या दिवशी सापडले.

वाईट पडलं तर फाशाला बोल लावता येतो. क्रमाला फासा नसतो. त्या दिवशी टर्न माझा होता.

ताई परवा म्हणाली, “पूर्वी आईला भेटायला यायचास ते दहा मिनिटं, तेही घड्याळ बघत. आता भुतं मारायला चार तास बसतोस.” मी म्हणालो, भुतं नव्हेत, ड्रुइड. आई हॉलमधल्या दिवाणावर असते. आमचे फासे खडखडले की ती मान वर करून बघते. कधी एखादा फासा उचलते आणि “याला टोकं किती!” म्हणून परत देते.

नव्या मांत्रिकाचं नाव मी जयद्रथ ठेवलं आहे. नावात जोखीम आहे, पण अक्कल शिकल्याची खूणही आहे. गेल्या रविवारी तो एका पडक्या वाड्यात लपून बसला होता. बाहेर शत्रू टपलेले.

“सूर्य मावळतो,” भाची म्हणाली. “सगळीकडे अंधार.”

“मी बाहेर येतो,” मी म्हणालो.

आणि त्याच क्षणी दिवाणावरून आवाज आला, “मावळला नाही गं तो, झाकलाय! जयद्रथा, थांब. बाहेर येऊ नकोस.”

तिघं एकदम बोललो होतो. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. टर्न माझा होता, क्रम मी ठरवायचा होता.

“आजीचं आधी,” मी म्हणालो.

भाचीने वहीच्या पहिल्या पानावर हा आमच्या टेबलाचा नियम म्हणून लिहून ठेवला आहे. शत्रू वाड्याबाहेर कंटाळून निघून गेले. जयद्रथ अजून जिवंत आहे. हिट पॉइंट अकरा.