नारिंगी बाजूनं पळा

समजा, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीत मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना सुरू आहे. बॅटरनं चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला आणि जीव खाऊन फर्स्ट बेसकडे पळाली. थ्रो यायच्या आत बेसवर पाय पडला. अम्पायरनं हात पसरले, सेफ. तेवढ्यात फिल्डिंगवाल्या बाजूची एक पोरगी ओरडली, "सर, थे आउट हाय! पांढऱ्यावर पाय देल्ला तिनं!" लागलीच अख्खी गर्दी तिच्या अंगावर. "काऊन वं, बॉल याच्या आंधी पोहोचली ना थे?"

पोरगी बरोबर आहे. याच गर्दीला कबड्डीत बोनस घेताना मागचा पाय हवेत होता की नव्हता, हे पन्नास फुटांवरून दिसतं. इथं नाकासमोरचा नारिंगी रंग दिसत नाही.

सॉफ्टबॉलचा फर्स्ट बेस जोडबेस असतो. १५ इंचांचे दोन चौकोन शेजारी शेजारी, पांढरा मैदानाच्या आत, रंगीत फाउल रेषेच्या बाहेर. कारण साधं आहे. होमपासून ६० फूट सुसाट आलेली बॅटर आणि थ्रोकडे डोळे लावून बेसवर पाय रोवलेली फिल्डर, दोघींना एकाच वेळी तीच वीतभर जागा हवी असते. घोटे मोडतात. म्हणून वाटणी केली: फिल्डरचा पांढरा, बॅटरचा नारिंगी. चेंडू पांढऱ्याला लागला तर फेअर, नुसत्या नारिंगीला लागला तर फाउल.

वाटणी झाली की पोटकलमं आलीच. थ्रो येणार असेल तरच नारिंगीची सक्ती. चेंडू आउटफिल्डमध्ये गेला आणि फर्स्ट बेसवर कुणी आउट करायलाच बघत नसेल, तर कुठल्याही भागावर पाय द्या. थ्रो भरकटला आणि फिल्डरला फाउलच्या बाजूला ओढून घेऊन गेला, तर तिला नारिंगी चालतो आणि बॅटरला पांढरा. हा अपवाद मला फार आवडतो. टक्कर टाळण्यासाठी केलेला नियम टक्कर टाळण्यासाठीच उलटा होतो. आपल्याकडच्या किती नियमांना एवढी अक्कल असते?

खरी मेख अपिलात आहे. पाय पांढऱ्यावर पडला, हे अम्पायरनं पाहिलेलं असतं, पण तो आपणहून तोंड उघडत नाही. तहसीलीचा कारभार! अर्ज आला तर बघू. अर्जाला मुदतही आहे: बॅटर बेसवर परत येऊन उभी राहिली की फाइल बंद. म्हणजे ओरडणाऱ्या पोरीला गप्प करणारे काका तिच्याच संघाचे असतील, तर त्यांनी हातातला आउट घालवला. पांढऱ्यावर जाऊन बॅटर थ्रो झेलायच्या बेतातल्या फिल्डरवर आदळली, तर मात्र अपिलाचीही गरज नाही. अडथळा म्हणून सरळ आउट.

आपल्याकडे या खेळाचे दोन नियम घरोघरी तोंडपाठ असतात: दहावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण. त्यांची पोटकलमं पालक झोपेतही सांगतील. नारिंगीचं कलम मात्र पोरीनं वाचलं, तर ती आगाऊ.

आणि सेफ झाल्यावर नारिंगीवर रेंगाळायचं नाही. परत यायचं ते पांढऱ्यावरच. पुढचा चेंडू पडताना नुसत्या नारिंगीवर उभी असलेली रनर बेसवर नाहीच, असं धरतात. निवडणुकीपुरत्या मित्रपक्षासारखं आहे हे, धडक टळली की त्या जागेला किंमत नाही.

जोडबेस विकत घ्यायला पैसे नाहीत, ही सबब सरावाला चालत नाही. आहे त्या बेसला लागून बाहेरच्या अंगाला तेवढाच चौकोन आखा. फक्कीनं नको, ती पांढरी, पुन्हा भांडण. गेरू वापरा. गेरू फुलसावंगीत मिळेल, नियमावली तेवढी बाहेरून मागवा.