बाभूळ कुणाच्या हद्दीत?

“काकू, तात्यांच्या उसात रात्री निळसर उजेड दिसतोय, बघितलात? मला वाटलं मोबाईलचा टॉवरच बसवला.”

“सोलरचा सापळा गं तो! दिवसा उन्हावर बॅटरी भरून घेतो, तिन्हीसांज झाली की आपला आपण पेटतो. वायर नाही, बिल नाही. दिव्यावर भुंगेरे येतात नि खालच्या पाटीतल्या रॉकेलच्या पाण्यात पडतात.”

“तरीच! वळीव झाल्यापासून आमच्या कडुनिंबाची पानं कुणीतरी कुरतडतंय. रात्री बॅटरी मारली तर फांदीफांदीवर भुंगेरे, तेही जोडीजोडीनं.”

“तीच पुढची हुमणी. नुसता पाला खाऊन गेले असते तर कोण बोललं असतं? पण पहाटे जमिनीत शिरतात, तिथंच अंडी घालतात. मग पावसाळ्यात ऊस पिवळा पडला की आपण बसतोय युरिया टाकत! गेल्या साली आमचं एक बेट सहज ओढलं, तर अख्खं हातात. खाली मुळंच नाहीत. मातीत बोटाएवढी पांढरी अळी वेटोळं करून पडलेली, तोंड तेवढं तांबूस.”

“मग औषध ओतलं असेल.”

“ओतलं की! अळी मुळाशी खोल; तिथवर औषध पोचतंय कुठं? पैसे तेवढे दुकानात पोचले. मारायचं तर आत्ता, भुंगेरा वर आहे तोवर.”

“पण तात्यांचा दिवा पहाटेपर्यंत जळतो.”

“तिथंच तर गोम आहे. भुंगेरा बाहेर पडतो साधारण ७.३० ते ९ च्या सुमाराला. १० वाजता दिवा बंद केला तरी चालतंय. रात्रभर ठेवला की क्रायसोपासारखी मित्रकीड फुकट मरते. टायमर असतो त्याला, पण लावणार कोण? तात्या हौशी माणूस. दिवा लावलाय तोही रस्त्याकडेला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून!”

“आणि पाटीतले कुजके किडे उपसायचे कुणी? सूनबाईनं! कालच नळावर करवादत होती.”

“करवादेल नाही तर काय!”

“आपणपण एक घ्यावा म्हणते. भाजीवरचा मावाबी जाईल.”

“मावा नाही जायचा त्यानं. त्याला पिवळा चिकट सापळा. मक्याच्या लष्करी अळीचा पतंग मात्र येतो दिव्यावर.”

“माहेरी कपाशीत कामगंध सापळे असतात, तसंच ना?”

“त्यात नुसते नर सापडतात. दिव्याला नर-मादी दोन्ही. पण एकटीनं घेऊन काय उपयोग? भुंगेऱ्याला बांध कळतोय होय? सगळ्या शिवारानं एकदम लावायचे, बोरी-बाभळी हलवून पडलेले भुंगेरे गोळा करायचे. तुमच्या बांधावरच्या बाभळीवर तर थवाच असतो. शेजारच्यांना घ्या की बरोबर.”

“त्यांच्याशी बोलणं बंद आहे आमचं.”

“असू दे. बाभूळ कुणाच्या हद्दीत आहे, त्यानं हलवावी.”

“काकू, त्याचीच तर केस चाललीय!”