भावी

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडल्यापासून आमच्या चित्रकाराने एकही झाड रंगवलेलं नाही. त्याला चेहरे लागतात, तेही छापलेले. त्यामुळे लालबागच्या त्यांच्या खोलीतून रद्दी विकायला बंदी आहे.

बर्लिनच्या हाना ह्योखने पहिल्या महायुद्धानंतर मासिकं कापून पुढाऱ्यांची खिचडी केली आणि त्या चित्राच्या नावात स्वयंपाकघरातली सुरी घातली, हे त्याने एकदा आईला कौतुकाने सांगितलं. तेव्हापासून माउली विळी कुलपात ठेवतात. जॉन हार्टफिल्डने 1932 साली हिटलरचा एक्स-रे केला, घशापासून पोटापर्यंत सोन्याची नाणी. आमच्याकडे एक्स-रे होता तो वडिलांचा. डॉक्टरांनी तो उजेडात धरला, तर डाव्या फुप्फुसात एक माजी मंत्री हात जोडून उभे!

पण त्याचं खरं प्रेम फ्लेक्सवर. वाढदिवस उलटला की हा पहाटे फ्लेक्स उतरवायला हजर. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र छपरं झाकणारे याच्याआधी पोचतात. ‘जनता प्रतिमा उपभोगते’ असं तो म्हणतो, ते बहुधा याच अनुभवावरून.

या नादात त्याला एक विद्या साधली आहे. वरच्या रांगेत कोणाचं डोकं किती इंचांनी आक्रसलं, मोबाईल कानाला लावलेले भाऊ साहेबांच्या उजवीकडून डावीकडे कधी सरकले, शुभेच्छुकांतून कोण गळलं, यावरून तो तिकीट सांगतो. वॉर्डातले सगळे ‘भावी नगरसेवक’ त्याच्याकडे येऊन जातात. चित्रं कोणी बघत नाही. अतुल डोडियांनी दुकानाच्या शटरवर चित्रं काढली, हे तो त्यांना सांगू पाहतो; ते विचारतात, कुठल्या वॉर्डात?

अखेर प्रदर्शन भरलं. एका भल्यामोठ्या फ्लेक्सवरचे सगळे चेहरे त्याने कापून काढले होते. उरले होते फेटे, हार आणि भोकं. पांढऱ्या कपड्यातला एक कार्यकर्ता त्यासमोर बराच वेळ खिळून उभा राहिला. आमचा चित्रकार भारावून जवळ गेला आणि सत्तेच्या रिकामपणाबद्दल बोलू लागला.

कार्यकर्त्याने एका भोकावर बोट ठेवलं. ‘‘इथे आमचे भाऊ होते ना?’’

‘‘होते.’’

त्याने घाम पुसला आणि तिथूनच फोन लावला, ‘‘भाऊ, तिकीट गेलं!’’