मान, कान आणि दाम

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला घरातून एकच प्रश्न येतो, "आणि पेटीचं काय?"

पेटी माळ्यावर आहे. २००९ साली मोठ्या हौसेने आणली होती. सा रे ग म करत पंचमापर्यंत पोहोचलो, तेवढ्यात ऑफिसात मार्चअखेर आली. तेव्हापासून मी पंचमावरच आहे. त्यामुळे या खेपेला गिटारचे बजेट मंजूर होताना अटी बऱ्याच पडल्या. नीट बघून घ्यायची, चार ठिकाणी विचारायचं आणि दुकानदार वाजवून दाखवतो त्यावर भाळायचं नाही. ही तिसरी अट किती शहाणपणाची होती ते मला नंतर कळलं.

पहिल्या दुकानात 'वाद्यांना हात लावू नये' अशी पाटी होती. साडीच्या दुकानात 'पदर उलगडू नये' असं कोणी लिहील का? तिथून जो निघालो तो मरीन लाइन्सला उतरून थेट धोबी तलावाकडे. हा भाग गोव्याहून आलेल्यांच्या कुडींचा, म्हणजे सामायिक वसतिगृहांचा. बोटीवर वाजवायला निघालेले, सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन-ट्रम्पेट वाजवून पोट भरणारे कितीतरी वादक इथल्या खाटांवर झोपलेले. दुकानात पोरं ज्यांना 'अंकल' म्हणत होती ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पुढे आले. बजेट विचारतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "हात बघू तुमचा."

मी हात पुढे केला. त्यांनी तो हस्तसामुद्रिकासारखा उलटासुलटा पाहिला. "तळवा रुंद, बोटं आखूड. हरकत नाय. आधी मान बघू, मग आवाज."

गिटारच्या त्या लांब दांडीला सगळे 'नेक'च म्हणतात. पण अंकल 'मान' म्हणाले आणि मला ते आवडलं. त्यांनी तीन गिटारी काढल्या. एक आठ हजारांची, एक सतरा हजारांची आणि एक, "घ्यायची नाय, फक्त हात लावायची," अशी चाळीस हजारांची. पहिलीची मान क्रिकेटच्या बॅटीच्या मुठीसारखी जाड. तिसरीच्या मानेची पाठ मधोमध किंचित टोकदार, अंगठा टेकवायला आयता उंचवटा असलेली. मधली सपाटसर, पातळ आणि गुळगुळीत, आमच्या आजीच्या पोळपाटावरच्या लाटण्यासारखी. तळवा त्या मानेवर असा बसला की मी काही क्षण बोललोच नाही.

मग अंकलनी मानेच्या टोकाशी, जिथून तारा खुंट्यांकडे जातात त्या नटवर, पट्टी ठेवली. एकीची रुंदी ४३ मिलिमीटर, दुसरीची साडेचव्वेचाळीस. फरक दीड मिलिमीटरचा, म्हणजे मोहरीच्या एका दाण्याएवढा. तोही सहा तारांमधल्या पाच फटींत वाटला गेलेला. पण लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून कल्याणपर्यंत गेलेल्या माणसाला विचारा, मोहरीएवढ्या जागेची किंमत काय असते. ४३वर माझी तीन बोटं चौथ्या सीटवर बसल्यासारखी एकमेकांना कोपर मारत होती. साडेचव्वेचाळीसवर त्यांना जरा टेकून बसता आलं.

आठ हजारवालीच्या तारा बाराव्या फ्रेटपाशी इतक्या वर होत्या की खाली रुमाल वाळत घालता आला असता. एकच कॉर्ड दाबला आणि बोटांच्या टोकांवर रेल्वेचे रूळ उमटले. "ही ॲक्शन," अंकल म्हणाले, "उतरवता येते. खाली तारा ज्यावर टेकतात तो सॅडल घासायचा, नटच्या खाचा खोल करायच्या. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती चावीने फिरवली की मानेचा बाक सरळ होतो." सळई कशाला, तर स्टीलच्या सहा तारा मिळून त्या मानेला सत्तर किलोच्या आसपास ओढत असतात. म्हणजे साधारण मीच तिला रात्रंदिवस लोंबकळलेलो आहे असं समजा. आधार नको?

(मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतो ती तार ब्रिजवर हलकीशी घासून झणझणावी म्हणून. गिटारवाला तीच झणझण घालवण्याचे पैसे घेतो. संगीतात कशाचे पैसे पडतील सांगता येत नाही.)

आता आवाज. अंकलनी तिन्ही गिटारी ओळीने वाजवल्या आणि तिन्ही स्वर्गीय वाजल्या. मग मी वाजवल्या. तिन्हींचा आवाज सारखाच आला, माझा. अंकल हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, शाळेत करायचे तसं, आणि पुन्हा एकेक वाजवली. मी मोठ्या आत्मविश्वासाने दोन नंबरला कौल दिला. वळून पाहिलं तर ती आठ हजारवाली! "तिच्या तारा सकाळीच बदलल्या," अंकल म्हणाले. "नवी तार कोणावर पण चढवा, चकाकते."

ही तिन्ही वाद्यं ड्रेडनॉट आकाराची, म्हणजे रुंद, खोल, ढेरपोटी. नाव पडलं ते १९०६ सालच्या ब्रिटिश युद्धनौकेवरून. मार्टिन कंपनीने १९१६मध्ये बॉस्टनच्या एका विक्रेत्यासाठी हा आकार पहिल्यांदा काढला. आवाजाला मोठं पोट हवं हे खरं, पण माझंही पोट काही कमी नाही. दोन युद्धनौका एका मांडीवर आल्या की कोणाला तरी माघार घ्यावी लागते. शेवटी मी खुर्चीच्या कडेला सरकलो.

चाळीस हजारवालीचा समोरचा तक्ता अख्ख्या लाकडाचा होता आणि पाठ शिसमाची. आठ हजारवालीचा तक्ता प्लायचा. अख्ख्या लाकडाचा आवाज वर्षागणिक खुलतो म्हणतात, पण जुलैत तेच लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, तक्ता वर येतो आणि तारा पुन्हा उंच. "प्लाय म्हणजे सरकारी नोकर," अंकल म्हणाले, "पाऊस येवो, ऊन येवो, काय फरक पडत नाय."

शिसम ऐकून मात्र मला गलबललं. ब्राझीलचं शिसम मिळणं अवघड झाल्यावर १९६९पासून मार्टिनवाल्यांनी भारतीय शिसम वापरायला घेतलं. ही झाडं आपल्या सह्याद्रीतही वाढतात. आमच्याकडे आजीचं शिसवी कपाट होतं. वाटणीच्या वेळी त्यावरून दोन काका सहा महिने बोलत नव्हते. त्या कपाटातून किती गिटारी निघाल्या असत्या, हा हिशोब मी दुकानात उभ्या उभ्या केला. वाटणीही सोपी झाली असती.

राहता राहिला दाम. आमच्या घरी वस्तूची किंमत म्हणजे बिल भागिले वापर. त्या हिशोबाने पेटीचा एकेक स्वर हजाराच्या वर पडलेला आहे. अंकलचा हिशोब वेगळा. तारा बदलल्या की आवाज बदलतो, सॅडल घासला की ॲक्शन उतरते, पण मान जाड आहे म्हणून कोणी रंधा मारून देत नाही. तेव्हा जे नंतर बदलता येणार नाही त्याला पैसे द्यायचे. मला हे पटलं. मी सतरा हजारवाली घेतली. तक्ता अख्खा, पाठ-बाजू प्लायच्या, म्हणजे अर्धी हौशी, अर्धी सरकारी. बॅग फुकट मिळाली. ट्यूनरचे आणि जादा तारांचे पैसे वेगळे पडले, ते घरी अजून सांगितलेले नाहीत.

घरी हिने गिटार बॅगेतून काढली, मान हातात धरून वजन पाहिलं आणि म्हणाली, "हलकी आहे. माळ्यावर चढवायला सोपी."

याला आता चार महिने झाले. जी, सी आणि डी येतात. एफमध्ये दुसरी तार अजून बुजते. परवा मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची मोजली. बरोबर अडीच मिलिमीटर आहे. गिटारमध्ये दोष नाही.