मंडईची गाडी

काही माणसं दिसायलाच डॉक्टर असतात. मी दिसायला कंडक्टर आहे. कुठल्याही स्टँडवर उभा राहिलो की कोणीतरी येऊन "तिरोडा कधी लागते?" विचारतं, नाहीतर सुट्टे मागतं. नोकरी विमा कचेरीत केली, तिकीट जन्मात फाडलं नाही. बायकोच्या मते दोष खांद्यावरच्या पिशवीचा नाही, चेहऱ्याचा आहे. "तुमच्याकडे पाहिलं की आता 'पुढे सरका' म्हणाल असं वाटतं."

त्यामुळे गोंदियाहून मेहुण्याचा फोन आला, "भाऊजी, बस घेतली", तेव्हा माझ्या पोटात गोळा आला तो उगाच नाही.

पन्नाशीला आलेली माणसं योगाला लागतात, गच्चीवर टोमॅटो लावतात. आमच्या मेहुण्याने टाटा 1210 घेतली. ती अर्जुनी मोरगावकडे एका राईस मिलच्या आवारात उभी होती. आधी एसटीत, मग वरातीत आणि शेवटी कोंडा साठवायला, असा तिचा आयुष्यक्रम. गोंदिया जिल्हा धानाचा. इथे रिकामी जागा दिसली की लोक तिच्यात कोंडा भरतात. मेहुण्याने तो उपसला, उंदरांच्या तीन पिढ्यांना घराबाहेर काढलं आणि तिथेच मांडव घालून कामाला लागला.

काम त्याने मन लावून केलं, हे मान्य करायलाच हवं. चासी शाबूत होती. कुजलेली जमीन उपटून नवी टाकली, पत्रे काढून आतल्या सांगाड्याला जोड दिले, रिबिटं पुन्हा मारली. आतली बाकडी मात्र सगळी काढली. त्या जागी ओटा, नळ, दिवाण, पंखा आणि खिडक्यांना माझ्या सलहजेच्या साड्यांचे पडदे. पोरांना घेऊन भारतभर हिंडायचं, असा बेत. इंजिन जुनंच ठेवलं, 692. म्हणजे सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, हे मला मिस्त्रीने इतक्या वेळा ऐकवलं की झोपेतही सांगेन. या घराण्याचं मूळ मर्सिडीज-बेंझ. 1954 ते 1969 टाटांचा त्यांच्याशी करार होता आणि तेव्हाच्या ट्रक-बसच्या तोंडावर तो तीन पाकळ्यांचा तारा असायचा. म्हणजे झाडीपट्टीतल्या माणसाने कोंबडी मांडीवर घेऊन मर्सिडीजमधून प्रवास केला आहे. पुण्या-मुंबईच्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

"विंटेज आहे," मेहुणा म्हणायचा. कायदा तसं म्हणत नाही. 2021 साली केंद्राने विंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षं पुरी झालेली हवीत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये पडतात. पण हे सगळं दुचाक्यांसाठी आणि मोटारींसाठी. बस त्यात बसतच नाही. शिवाय चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि मेहुण्याने तर तिच्या पोटात मोरी काढलेली. मी हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही जावई आहात, तुम्ही फक्त बसा." गाडी रस्त्यावर आणायला त्याने कुठल्याशा खिडकीवरून शिक्का मारलेला कागद आणला होता. पुढचं मी विचारलं नाही. जावयाने काही गोष्टी विचारू नयेत.

आता रंग. आतून घर केलं ना, मग बाहेरूनही घरासारखा गुलाबी-बिलाबी काही द्यायचा. पण नाही. मेहुण्याचं बालपण लाल डब्यात गेलेलं. त्याने तिला नखशिखांत एसटीचा लाल दिला आणि वर पिवळा पट्टा ओढला. पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ हा डबा-दीड डबा रंग.

दिवाळी होऊन गेली होती. हलका धान कापून झालेला, बांधाबांधावर पुंजणे रचलेले. नवेगावबांध, कोहमारा, गोरेगाव करत गोंदिया गाठायचं असं ठरलं. नवेगावचा तलाव फार सुंदर आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते, त्यांनी या रानाबद्दल लिहून ठेवलंय, ते वाचावं. मी तो तलाव पाहिला नाही. मी दार धरून उभा होतो, कारण दाराची कडी बसवायची राहिली होती.

आणि एका फाट्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या नि ते बंद पडलं.

फाट्यावर पंचवीस-तीस माणसं उभी होती. नवी लुगडी, इस्तरीचे सदरे, पोरांच्या डोळ्यांत काजळ. दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर दंडार नाहीतर नाटक असतं. ही मंडळी तिकडे निघालेली, गाडीची वाट पाहून कंटाळलेली. लाल बस येते, बरोबर त्यांच्यापुढे थांबते आणि दार धरून, पिशवी लटकवलेला मी.

मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत निम्मी वर आली होती.

"उतरा, ही घरगुती गाडी आहे!"

"घरगुती म्हंजे आपलीच नं जी?" एकाने समजूतदारपणे विचारलं आणि ओट्यावर बसला.

दिवाणावर सहा बायका, चार पोरं. एकीने नळ सोडून पाहिला, पाणी आलं म्हणून दुसरीला दाखवला. एका म्हाताऱ्याने पडदा बोटाने चाचपला. "शिवनेरी पाह्यली, शिवशाही पाह्यली. ही कोनती?"

"मेहुणशाही," मी म्हणालो. त्याने मान डोलावली. सरकार काय, कोणतंही नाव ठेवू शकतं.

एका आजीने कमरेची पिशवी सोडून आधारकार्ड माझ्या नाकाला लावलं. "पंच्याहत्तरच्या वरती हावो मी. मले तिकीट नाही." बरोबर होतं. ऑगस्ट 2022 पासून नाहीच. तिच्या सुनेने अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजून पुढे केले. तेही बरोबर, मार्च 2023 पासून बायकांना अर्धंच. माझ्यापेक्षा सगळ्यांना नियम पाठ होते. मी पैसे घ्यायला नकार दिला, कारण परवान्याशिवाय भाडं घेतलं तर मेहुण्याच्या हनीमूनच्या फोटोसकट गाडी जप्त होईल. पण फुकट म्हटल्यावर गाडीत एकदम शांतता पसरली. मागून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "निवडनूक लागली का जी?"

पुढे मेहुणा स्टार्टर मारत होता, इंजिन घुर्र करून थांबत होतं. मिस्त्री मागाहून मोटरसायकलवर येणार होता, तो आलाच नाही. मेहुण्याने बॅटरीला शिव्या दिल्या, डिझेलला दिल्या, मग माझ्याकडे पाहून गप्प झाला. जावई ना.

"हवा घेतली तिनं." बॉनेटजवळ टेकलेला एक माणूस पहिल्यांदाच बोलला. पांढरे केस, पायात स्वच्छ पुसलेल्या चपला. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. त्याने उजेडात डिझेलची नळी पाहिली, जोडाचा सैल नट दाखवला, पाना मागितला. डिझेलच्या इंजिनाला वाटेत हवेचा एक बुडबुडा चालत नाही. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप दाबत राहायचं, फेस येतो तो जाऊ द्यायचा आणि नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मग हेच पंपाशी. हातपंप दाबायला त्याने मला बसवलं. तीस प्रवाशांसमोर जावई डिझेलने न्हाला. आजी खिडकीतून पाहत होती. म्हणाली, "कंडक्टर चांगला हाये, काम करते."

इंजिन सुरू झालं तेव्हा गाडीत टाळ्या पडल्या. मेहुण्याने गिअर टाकला, दात करकरले. त्या माणसाने डोळे मिटून घेतले. "मी चालवू का जी, जरासक?"

मेहुणा कोणाला स्टेअरिंगला हात लावू देत नाही. सख्ख्या भावाला दिला नव्हता. तो उठला.

त्यानंतर गिअर वाजला नाही. प्रत्येक वेळी क्लच दोनदा, मधे हलकासा एक्सलेटर. पॉवर स्टेअरिंग नसलेली ती धूड गाडी वळणावर त्याच्या हाती मऊ होत होती. तो मुक्कामी गाडीवर होता, म्हणाला. रात्री शेवटच्या गावी गाडी लावायची, कंडक्टर-ड्रायव्हरने तिच्यातच झोपायचं, जेवण आज या घरचं, उद्या त्या घरचं. सकाळी निघताना खिशात चिठ्ठ्या कोंबलेल्या असायच्या. कोणाच्या चष्म्याची काडी, कोणाच्या बापाच्या दम्याच्या गोळ्या, कोणाला दहावीचं गाईड. संध्याकाळी सगळं बरोबर परतायचं. 2021-22 च्या संपात एसटी साडेपाच महिने जवळपास बंद होती, तेव्हा तो घरी होता. "चिठ्ठी कोनाजवर देत असतील?" एवढंच म्हणाला आणि समोरच्या गाईला हॉर्न दिला.

मला खरं म्हणजे राग येतो. गोंदियाहून जबलपूरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेचे फोटो लोक भिंतीवर लावतात, नागपुरात मोतीबागेला तिचं संग्रहालय आहे, इंजिनं धुऊन-पुसून ठेवलेली. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, ती बेडफर्ड होती, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण मुक्कामी गाडी म्हटली की तिची किंमत भंगाराच्या किलोवर. असो. रागाने बोलताना माझ्या हातातला पाना आजीच्या पायावर पडला असता.

मंडईचं गाव रस्त्यावरून आत होतं. आता त्यांना फाट्यावर उतरवा कसं? गाडी आतच गेली. माणसं उतरली. भाडं नाही घेत म्हणून कोणी ओट्यावर पेरू ठेवले, कोणी गरम जिलेबीचा पुडा आणून दिला. सिंकमध्ये पोरांचे मातीचे पाय धुतले गेले होते. मेहुणा ते पाहून रडेल असं वाटलं, पण तो दंडारीच्या मैदानाकडे तोंड करून गाडी लावत होता, इकडे घे, तिकडे घे. रात्री निघणं शक्यच नव्हतं, दिव्यांचं काम झालेलं नव्हतं.

दहाच्या सुमाराला एक माणूस काळोखातून दाराशी आला. बरोबर एक मुलगी, कॉलेजची असावी, हातात फाईल.

"सकाळची गोंदिया कितीला सुटते जी?"

मी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने ड्रायव्हरकाकांकडे पाहिलं. ते दिवाणावर आडवे झाले होते.

"सहाला," ते डोळे न उघडता म्हणाले.

"सहा म्हंजे सहाच नं? हिचा पेपर हाये."

मी पिशवीतून पेन काढला, नाव लिहून घेतलं आणि म्हणालो, "पावणेसहाला येऊन जागा धरा. ओट्यावर बसू नका, तो गॅस शेगडीचा आहे."