कितीराव

कितीरावांना 'काय, कसं काय?' असं विचारायची सोय नव्हती. 'कशाच्या तुलनेत?' असा उलट प्रश्न यायचा. आपण गडबडलो की ते शांतपणे समजावत, "सुरुवातीला काय होतं ते ठाऊक नसेल, तर आता बरं चाललंय की वाईट, हे कसं सांगणार?" एरवी माणूस सालस. सोलापूरच्या गिरणीकामगाराचा मुलगा, तुळजापूरला समाजकार्य शिकलेला, पन्नाशीला टेकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला. आईबापांनी ठेवलेलं नाव चारचौघांसारखंच होतं. पण बांगलादेशात कॉक्स बझारला मदतसंस्थांमध्ये आम्ही जी मूठभर मराठी माणसं होतो, त्यांनी त्यांचं बारसं पुन्हा केलं. पाऊस फार झाला म्हणा, माणसं वैतागलीत म्हणा, पुढचा प्रश्न ठरलेला : "किती?" एकदा कुणीतरी हात जोडून म्हणालं, "कितीराव, आता पुरे." त्यावर ते म्हणाले, "किती टक्के?"

त्यांचा हुद्दा व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळींत मावत असे : देखरेख, मूल्यमापन, उत्तरदायित्व आणि अध्ययन अधिकारी. गावी हे काम कुणाला समजावणं महाकठीण. सोलापूरच्या आत्यांनी एकदा उलटतपासणीच घेतली.

"निर्वासितांना धान्य वाटतोस होय रे?"

"नाही आत्या, ते दुसरे वाटतात."

"मग घरं बांधून देतोस?"

"तेही दुसरेच."

"दवाखाना?"

"नाही."

"मग करतोस तरी काय बाबा तिकडं?"

"मिळालं का, पुरलं का, वेळेवर आलं का, देताना कुणी पाणउतारा केला का, हे घरोघरी जाऊन विचारतो."

आत्यांनी अडकित्ता थांबवला. "म्हणजे पंगतीत रिकाम्या हाताने 'सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या' करत फिरणारा एक असतो, तसा तू."

कितीरावांनी ही व्याख्या डायरीत टिपून घेतली. पुढे ते नव्याने भरती झालेल्या पोरांना तीच सांगत, फक्त एक दुरुस्ती करून : "पंगतीतला तो माणूस उत्तर ऐकायला थांबत नाही. आपण थांबायचं."

ऑगस्ट २०१७ पासून काही महिन्यांत म्यानमारच्या राखाईन प्रांतातून सात लाखांहून जास्त रोहिंग्या जीव मुठीत घेऊन बांगलादेशात आले. आधीचे धरून उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत ३३ कॅम्प आणि दहा लाखांच्या घरात माणसं. त्यांतल्या कुतुपालाँगच्या टेकडीवर उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर बांबू आणि ताडपत्री. नवख्याचा घसा दाटून येतो. कितीरावांना तिथे गुणोत्तरं दिसत. मदतकार्याची किमान मानकं सांगणारं 'स्फिअर'चं पुस्तक त्यांना मुखोद्गत होतं. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास, पाण्याच्या रांगेत जास्तीत जास्त ३० मिनिटं, डोक्यावरच्या छपराखाली माणशी साडेतीन चौरस मीटर, आणि वस्तीची एकंदर जागा माणशी ४५ चौरस मीटर. शेवटच्या आकड्याला ते जरा थांबत, कारण समोरच्या टेकडीवर तो कित्येक ठिकाणी दहालाही पोचत नव्हता.

एकदा सुट्टीवर सोलापूरला गेले आणि टेप घेऊन जन्मगावच्या चाळीत शिरले. खोल्या मोजल्या, संडासामागची माणसं मोजली, नळाच्या रांगेत किती वेळ जायचा ते आईकडून काढून घेतलं. संध्याकाळी निष्कर्ष जाहीर केला : "आई, आपण तीन पिढ्या आणीबाणीच्या किमान मानकाखाली काढल्या. आणि एकही संस्था फिरकली नाही."

आई म्हणाली, "फिरकली की. दर पाच वर्षांनी मतं मागायला."

चेष्टेचा विषय असले, तरी एका गोष्टीवर मात्र त्यांची चेष्टा चालत नसे. प्रत्येक प्रशिक्षण ते रवांडापासून सुरू करत. तिथल्या वंशसंहारानंतर जुलै १९९४ मध्ये लाखो माणसं सीमेपलीकडे गोमा शहराभोवती येऊन पडली. संस्थांची झुंबड उडाली, कॅमेरे आले, झेंडे लागले. आणि महिनाभरात सुमारे पन्नास हजार माणसं कॉलऱ्याने आणि हगवणीने गेली. पुढे अनेक देशांनी मिळून या सगळ्या मदतकार्याचं मूल्यमापन करवलं, ते १९९६ मध्ये बाहेर आलं. दुसऱ्या वर्षी 'स्फिअर'चं काम सुरू झालं. इथवर सांगून कितीराव चष्मा काढत. "तिथे चांगल्या मनाची माणसं कमी नव्हती. पण चांगलं मन मोजता येत नाही. संडास मोजता येतात. म्हणून मी संडास मोजतो." यावर कुणी हसत नसे.

हसायची वेळ लगेच येई, कारण मोजण्याच्या या ध्यासापुढे त्यांना माणूस, जनावर, देव सगळे सारखे. कुतुपालाँगची वस्ती उभी राहिली ती हत्तींच्या जुन्या वाटेवर. सुरुवातीच्या काही महिन्यांत हत्तींच्या हल्ल्यांत दहाहून अधिक निर्वासित दगावले. मग मचाणं बांधली गेली, रोहिंग्या तरुणांची पथकं तयार झाली, आलेल्या हत्तीला माणसांपासून दूर कसं परतवायचं हे त्यांना शिकवलं गेलं. दुर्घटना आटोक्यात आल्या. सगळे खूश, कितीराव एकटे अस्वस्थ.

"पथकांमुळे आटोक्यात आल्या, की हत्तींनीच वाट बदलली?"

"कितीराव, माणसं वाचली ना?"

"वाचली. पण श्रेय कुणाचं लिहायचं?"

"हत्तींचं लिहा."

"त्यांची मुलाखत घेतल्याशिवाय?"

त्यांचा खरा मुलूख म्हणजे वाटपानंतरचं सर्वेक्षण. तांदूळ, ताडपत्री, गॅस सिलिंडर, काहीही वाटलं की दोन-तीन आठवड्यांनी चाटगावकडची तरुण पोरं-पोरी टॅब घेऊन टेकड्या चढत, मागून छत्री टेकत कितीराव. साठ-सत्तर प्रश्न. शेवटी एक पुठ्ठा पुढे करायचा, त्यावर पाच चेहरे, अगदी रडक्यापासून अगदी हसऱ्यापर्यंत. मिळालेल्या मदतीबद्दल काय वाटतं, त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. एका म्हातारीने बेधडक सर्वांत हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. कितीरावांना शंका आली. दुभाष्याला सांगून त्यांनी पुन्हा विचारलं, "खाला, खरंच इतकं चांगलं होतं?"

"कसलं चांगलं! डाळ संपली, तेल आठवडाभर पुरलं नाही, रांगेत पाय सुजले."

"मग हा चेहरा का?"

"एवढ्या उन्हात हे लेकरू टेकडी चढून विचारायला आलं. त्याला रडकं तोंड कसं दाखवू?"

कितीरावांनी नोंद केली : सौजन्यामुळे आलेला दोष. ही नोंद ते प्रत्येक अहवालाच्या 'मर्यादा' या प्रकरणात करत, आणि ते प्रकरण निष्कर्षांपेक्षा लांब होई. शेजारी ब्लॉकचा माझी, म्हणजे मुखिया, पान चघळत बसलेला असेल तर आणखी एक परिच्छेद वाढे.

दुसरा प्रकार मुरलेल्या उत्तरकर्त्याचा. चहाच्या टपरीवर बसणारे एक आजोबा टॅब दिसला की प्रश्न वाचायच्या आधीच सुरू होत : हो, हो, नाही, कधीकधी, लागू नाही. यातलं 'लागू नाही' ते इंग्रजीत म्हणत. एकदा नव्या पोरीने गडबडीत एक प्रश्न गाळला, तर त्यांनीच तिला थांबवलं. "पाण्याचा राहिला, बेटी. तो गाळलास तर तुझा साहेब परत पाठवील." हसून झाल्यावर कितीराव बराच वेळ गप्प होते. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने या माणसांना नागरिकांत धरलं नाही. २०१४ च्या जनगणनेत 'रोहिंग्या' म्हणून नाव लावायला मनाई झाली, आणि राखाईनमधले लाखो लोक मोजल्यावाचूनच राहिले. स्वतःच्या देशाने ज्यांची शिरगणती नाकारली, त्यांचं डोकं इथे दर महिन्याला कुणी ना कुणी मोजत होतं. आजोबांना एवढी तोंडपाठ उत्तरं का येतात, याची ही हकिगत. टॅबवर तिच्यासाठी रकाना नव्हता.

तक्रारपेटीचं प्रकरण तर कितीरावांच्या जिव्हारी लागलेलं. पेटी देखणी होती, निळी, दोन कुलपांची. किल्ल्या दोघांकडे, उघडताना तिसरा साक्षीदार, वर वहीत तिघांच्या सह्या. अडचण एवढीच, की ज्यांनी तक्रार करायची त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. लिहून देऊ शकेल असा ब्लॉकमध्ये एकच, तो माझीचा पुतण्या. आणि तक्रार बहुधा माझीची. महिनाअखेरीस विधिपूर्वक पेटी उघडली की आत एखादं सुपारीचं खांड आणि कुणा पोराने कुतूहलाने सरकवलेला बिस्किटाचा कागद निघे. वरच्या कार्यालयाला हे कळलं आणि अभिनंदनाचं पत्र आलं : तक्रारी शून्य! कितीरावांनी ते पत्र फाइलला लावलं, पेटी कपाटावर ठेवली आणि दर मंगळवारी टपरीच्या बाकावर वही घेऊन बसायला लागले. पहिल्या मंगळवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या मंगळवारी एक बाई आली, ती शेजारणीची तक्रार घेऊन. हळूहळू वही भरली. आता वरून विचारणा आली : तक्रारी अचानक का वाढल्या? कामाचा दर्जा घसरला काय?

वरच्या कार्यालयाशी त्यांचं नातं असं होतं. वर एक तक्ता असे, लॉगफ्रेम नावाचा. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी तयार झालेला हा प्रकार पुढे जगभरच्या देणगीदारांनी उचलला. चार आडवे रकाने, चार उभे. त्यांत जे बसेल ते घडलं, बसणार नाही ते घडलंच नाही. २०२३ मध्ये निधी आटला, म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाला शिध्याची महिन्याची रक्कम कापावी लागली. माणशी १२ डॉलर होते, मार्चमध्ये १० झाले, जूनमध्ये ८. दिवसाला सत्तावीस सेंटच्या आसपास. कितीरावांनी त्या वेळच्या अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं : 'लोक म्हणतात, पुरत नाही.' वरून शेरा आला : 'पुरत नाही' म्हणजे नेमकं काय? मोजता येईल असं लिहा. मग त्यांनी लिहिलं : किती घरांत एक वेळचं जेवण बंद झालं, किती घरांनी उसनवारी केली, किती घरांत मोठी माणसं उपाशी राहून पोरांना वाढतात. तो तक्ता पूर्ण करताना त्यांनी चष्मा किती वेळा पुसला हे कुणी मोजलं नाही. तिमाहीच्या शेवटी तक्त्यातला त्यांचा चौकोन हिरवा झाला. निर्देशक होता : सर्वेक्षण वेळेत पूर्ण झाले काय? झाले.

२०२४ च्या सुरुवातीला त्यांची बदली झाली. कॅम्पातल्या बांबूच्या कार्यालयात निरोपाचा चहा आणि शिंगाडे, म्हणजे तिकडचे समोसे, ठेवले होते. भाषणं होण्याआधी कितीरावांनी सगळ्यांना एकेक फॉर्म वाटला : माझ्या कामाबद्दल आपलं मत, नाव लिहू नये. गोळा करून तिथेच वाचले. सगळे चेहरे हसरे. "मर्यादा," कितीराव गंभीरपणे म्हणाले, "नमुना लहान. शिवाय प्रतिसादकांनी उत्तरांआधीच शिंगाडे खाल्लेत." मग शेवटचा फॉर्म उलगडला. खूण अगदी रडक्या चेहऱ्यावर. खाली वेड्यावाकड्या इंग्रजीत एकच ओळ होती. कुणा रोहिंग्या स्वयंसेवकाची असावी : इतकी वर्षं विचारायला आलात, उत्तरांचं काय झालं ते सांगायला कधी आलात?

दुसऱ्या दिवशी कितीराव सामान बांधायचं सोडून टेकडीवर गेले. टॅब नाही, पोरं नाहीत, बरोबर फक्त दुभाषा. टपरीपाशी माणसं जमली. कितीराव म्हणाले, "तुम्ही सांगितलंत की पुरत नाही. ते मी वर कळवलं. वरून उत्तर आलं की पैसे नाहीत. या जानेवारीपासून शिधा दोन डॉलरांनी वाढलाय. पण तो तुम्ही बोललात म्हणून वाढला, की देणाऱ्यांकडे पैसे आले म्हणून, हे मला सिद्ध करता येणार नाही. डाळीचं काही झालं नाही. रांगेला सावली मिळाली, ती मात्र तुमच्या तक्रारीमुळे, त्याचा कागद माझ्याकडे आहे. बाकी सगळं अजून वहीतच आहे." एवढंच. सगळा हिशेब पाच मिनिटांत आटोपला.

आजोबांनी बाकावर जागा करून दिली. त्यांनी पहिल्यांदाच एक उत्तर यादीबाहेरचं दिलं, आणि ते संपायला अर्धा तास लागला. खालाने दुभाष्याकडून तो चेहऱ्यांचा पुठ्ठा मागवला. नीट न्याहाळला. मग खालून दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गेल्या वेळचं खोटं होतं. हे लिही."

कितीरावांचा आनंद गगनात मावेना. येताना त्यांनी ड्रायव्हरला जिलेबी घेऊन दिली. आजवर हसऱ्या चेहऱ्यांनी त्यांना जे दिलं नव्हतं, ते त्या रडक्या चेहऱ्याने दिलं होतं. रात्री बसून त्यांनी शेवटचा अहवाल वर धाडला. त्यात एकच निष्कर्ष होता : लोकांचं समाधान घटलं आहे, विश्वास वाढला आहे.

सकाळी विमानतळावर उत्तर मिळालं : दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. कृपया तपासून पुन्हा पाठवावेत.