तुडतुड्यापुढे आत्मसूचना

आत्मसूचना, म्हणजे स्वतःविषयीचे अनुकूल विधान रोज घोकून मनातला संवाद सुधारण्याचा उपाय, फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) यांनी लोकप्रिय केला आणि आता तो सुप्रभात-संदेशांवर स्वार होऊन गोंदिया जिल्ह्यातही पोहोचला आहे. मात्र समृद्धी आपणहून येत असल्याची ग्वाही आरशाला देणाऱ्या धान उत्पादकाच्या बांधीत, म्हणजे पाणी अडवणाऱ्या धानाच्या वाफ्यात, आपणहून येतो तो तुडतुडा, आणि ही कीड सुविचार वाचत नसल्याने बुंध्यातला रस निवांतपणे शोषत राहते. मानसशास्त्रज्ञ जोआन वुड व सहकाऱ्यांच्या २००९ मधील प्रयोगात तर आत्मसन्मान मुळातच कमी असलेल्यांना असे स्तुतिवाक्य घोकल्यावर अधिकच वाईट वाटल्याचे आढळले. औषध निरोग्यालाच मानवावे, असा हा प्रकार. त्या मानाने समर्थ रामदासांचे २०५ ‘मनाचे श्लोक’ अधिक व्यवहारी ठरतात, कारण त्यांत मनाला सज्जन म्हणून चुचकारले जाते ते पुढची कामे सांगण्यासाठी, तर प्रचलित विधाने त्याला परीक्षेआधीच उत्तीर्ण ठरवून रजेवर पाठवतात.